कार्यालयातला सामायिक फोल्डर: 'एव्हरीवन'वर टिचकी मारण्याआधी

फोल्डरवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', मग 'शेअरिंग', यादीतून 'एव्हरीवन' निवडायचं, त्याच्यापुढे 'रीड-राइट' करायचं आणि शेवटी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन पासवर्डची अट काढून टाकायची. संगणकवाला एवढं दोन मिनिटांत करून देतो. पलीकडच्या टेबलावर फोल्डर दिसू लागतो, पेन ड्राइव्हची ये-जा थांबते, सगळे खूश होतात. सीएंची कार्यालयं, डीटीपीची दुकानं, दवाखाने, पतसंस्थांच्या शाखा, कुठेही गेलं तरी फाइल शेअरिंग बहुधा असंच सुरू झालेलं दिसतं.

त्या दोन मिनिटांत आणखीही एक गोष्ट घडलेली असते. वायफायचा पासवर्ड मागून घेतलेल्या पाहुण्यापासून सुट्टीत शिकायला आलेल्या मुलापर्यंत, त्या जाळ्यात शिरलेल्या प्रत्येकाला आता तो फोल्डर वाचता येतो, बदलता येतो आणि पुसूनही टाकता येतो. उद्या एखादी फाइल गायब झाली, तर ती कुणी पुसली हे सांगता येत नाही, कारण आत येणाऱ्याला नाव विचारलेलंच नसतं.

सर्व्हर आणि बाकीचे संगणक यांच्यात फाइली सामायिक करणं हे तांत्रिकदृष्ट्या फार अवघड काम उरलेलं नाही. थोडं वाचून, एखादी सुट्टी खर्चून कुणालाही ते जमेल. वेळ द्यायचा तो कुणाला काय दिसावं हे ठरवायला, आणि तेही यंत्र चालू करण्याआधी.

आधी कागद

एक छोटं प्रकाशन-कार्यालय डोळ्यांसमोर आणू. मालक, हिशेब बघणाऱ्या बाई, अक्षरजुळणी करणारे दोघे, एक मुद्रितशोधक आणि मॅकवर मुखपृष्ठं करणारी चित्रकार. सहा माणसं, सहा संगणक. कोऱ्या कागदावर डावीकडे या सहा जणांची नावं लिहावीत आणि वरच्या ओळीत फोल्डरांची: पुस्तकं, मुखपृष्ठं, हिशेब, करारपत्रं, स्कॅन. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण करावी. काहीच दिसू नये, फक्त वाचता यावं, किंवा वाचून बदलताही यावं.

तक्ता भरताना कार्यालयात वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. मुद्रितशोधकाने जुळणीची मूळ फाइल बदलायची, की फक्त पीडीएफवर खुणा करायच्या? लेखकांचे पॅन क्रमांक आणि बँक खाती असलेली करारपत्रं जुळणीच्या टेबलावरून दिसायचं कारण काय? चित्रकार बाहेरून काम करणारी असेल, तर तिला चालू पुस्तकापुरताच फोल्डर दिला तर चालेल का? या प्रश्नांची उत्तरं संगणकवाल्याकडे नसतात, ती मालकानेच द्यायची असतात. 'एव्हरीवन' एवढं पसरलं ते त्यामुळेच. तिथे कुणाला काही ठरवावं लागत नाही.

कागद तयार झाला की माणसांवरून गटांवर यावं. 'जुळणी', 'हिशेब', 'व्यवस्थापन' असे तीन गट या कार्यालयाला पुरतात. फोल्डरची परवानगी गटाला द्यायची आणि माणसाला गटात घालायचं. नवा माणूस आला की त्याचं नाव एका गटात टाकलं की झालं. सोडून गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं. आणि 'ऑफिस' नावाचं एकच खातं सहा जणांत वापरण्याचा मोह टाळावा. असं खातं म्हणजे 'एव्हरीवन'च, फक्त पासवर्ड लावलेलं.

ही खबरदारी नुसती शिस्तीपुरती नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, लोकांची माहिती सांभाळण्यासाठी वाजवी काळजी न घेणाऱ्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या कार्यालयाच्या वाट्याला एवढा आकडा येईल असं नाही, पण ग्राहकांचे आधार आणि पॅन एका उघड्या फोल्डरात ठेवणं ही वाजवी काळजी आहे, असं कुणालाही म्हणता येणार नाही.

यंत्र आणि तार

सर्व्हर म्हणून काय वापरायचं? चार-पाच जण असतील तर विंडोज ११ प्रो असलेला एखादा संगणक चालतो, मात्र विंडोजची ही साधी आवृत्ती एका वेळी २० हून जास्त उपकरणांना आत घेत नाही. शिवाय त्याच संगणकावर कुणीतरी दिवसभर काम करत असतं, आणि ते संध्याकाळी मशीन बंद करून गेलं की सगळ्यांचा फोल्डर जातो. दुसरी वाट जाळ्यावर फाइली साठवणाऱ्या तयार 'नॅस' पेटीची. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपची पेटी घेतली की ब्राउझरमधून खाती, गट, परवानग्या सगळं करता येतं. तिसरी वाट एखाद्या जुन्या पण धडधाकट संगणकावर लिनक्स आणि सांबा बसवण्याची. परवान्याचा खर्च शून्य, यंत्र वर्षानुवर्षं चालतं, आणि आत काय चाललंय हे स्वतःला बघता येतं. ज्या कार्यालयात एकाला तरी शिकायची हौस आहे, तिथे तिसरी वाट धरावी.

सांबाची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. विंडोज ज्या भाषेत फाइलींची देवाणघेवाण करते, ती एसएमबी ही पद्धत मुळात आयबीएममध्ये बॅरी फाइगेनबाउम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेवरून जाणारे संदेश टिपून, ते उलगडून, युनिक्सवर चालणारा तसाच सर्व्हर लिहिला. त्यांच्यापाशी आतल्या माहितीचे कागद नव्हते. मायक्रोसॉफ्टचे तांत्रिक दस्तऐवज सांबाच्या मंडळींना अधिकृतपणे मिळाले ते थेट डिसेंबर २००७ मध्ये, युरोपीय संघाच्या स्पर्धाविषयक खटल्यानंतर. मधली पंधरा-सोळा वर्षं हा प्रकल्प तारेवर कान ठेवूनच वाढला. बाजारातल्या बहुतेक नॅस पेट्यांच्या पोटात आजही सांबाच असतो.

आता तार. जुना स्विच सेकंदाला १०० मेगाबिटचा असेल तर १ गिगाबाइटची मुखपृष्ठाची फाइल सर्व्हरवरून यायला साधारण दीड मिनिट लागतं. गिगाबिट स्विचवर तीच दहा सेकंदांच्या आत-बाहेर येते. आठ तारांपैकी एखादी क्लिपमध्ये नीट बसली नसेल, तर गिगाबिटची जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि कुणाला कळत नाही, म्हणून विंडोजमध्ये जोडणीचा वेग एकदा उघडून पाहावा. वायफायवरून कागदपत्रं उघडायला हरकत नाही. पण टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीची सतत लिहिली जाणारी माहिती सर्व्हरवर ठेवली असेल, तर हिशेबाचा संगणक तारेनेच जोडावा. लिहिताना मध्येच जोडणी तुटली की डेटा बिघडायला वेळ लागत नाही.

सर्व्हरचा आयपी पत्ता पक्का करून घ्यावा. राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवता येतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. हे राहून गेलं की एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि सगळ्या टेबलांवर लाल फुली दिसते.

सांबा बसवताना

उबुंटू किंवा डेबियनवर 'सांबा' हे पॅकेज बसवायला एक ओळ पुरते. पुढची कामं ज्या क्रमाने करायची, तो क्रम महत्त्वाचा आहे.

आधी लिनक्सवर गट तयार करावेत, मग माणसांची खाती. या खात्यांना सर्व्हरवर बसून काम करायचं नसतं, म्हणून त्यांना लॉगिनची सोय देऊ नये. त्यानंतर सांबाचा पासवर्ड वेगळा द्यावा लागतो. इथे बरेच जण अडकतात. लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लिनक्सवर खातं उघडलं, पण 'एसएमबीपासडब्ल्यूडी' ही आज्ञा देऊन ते सांबाच्या यादीत घातलं नाही, तर विंडोज पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत राहते.

मग फोल्डर. 'पुस्तकं' हा फोल्डर 'जुळणी' गटाच्या मालकीचा करावा आणि त्याची परवानगी २७७० ठेवावी. शेवटच्या तीन आकड्यांचा अर्थ असा की मालकाला सगळं, गटाला सगळं, बाकीच्यांना काही नाही. सुरुवातीचा २ मात्र बरेच जण विसरतात, आणि पुढे महिनाभर डोकं धरून बसतात. तो २ असला की त्या फोल्डरात तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप 'जुळणी' गटाची होते. तो नसला तर पहिल्याने केलेली फाइल त्याच्या स्वतःच्या गटाची होते, दुसऱ्याला ती कधी उघडता येते तर कधी येत नाही, आणि कार्यालयात 'सर्व्हर लहरी आहे' अशी समजूत रुजते. सर्व्हर लहरी नसतो. फाइल चुकीच्या गटात गेलेली असते.

सांबाची सगळी मांडणी 'एसएमबी डॉट कॉन्फ' या एका साध्या मजकुराच्या फायलीत असते. प्रत्येक फोल्डरासाठी एक परिच्छेद. त्यात फोल्डरचा मार्ग, 'व्हॅलिड युजर्स'पुढे गटाचं नाव, लिहिण्याची मुभा, आणि नव्या फाइलींसाठी 'क्रिएट मास्क' व फोल्डरांसाठी 'डिरेक्टरी मास्क'. कागदावरच्या तक्त्यातला एकेक स्तंभ म्हणजे इथला एकेक परिच्छेद. फाइल जतन केल्यावर 'टेस्टपार्म' ही आज्ञा चालवली की लिहिण्यातल्या चुका ती दाखवते. सांबा पुन्हा सुरू करण्याआधी ती चालवायची सवय लावून घ्यावी.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करून टाकावी. नेटवर्कवरची फाइल पुसली की ती विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीशी होते. सांबात 'रिसायकल' नावाचा एक जोड आहे. तो चालू केला की पुसलेली फाइल सर्व्हरवरच एका आडबाजूच्या फोल्डरात जाते. त्या फोल्डरातला महिन्यापेक्षा जुना कचरा आपोआप काढण्याची सोय करून ठेवली की जागाही भरत नाही. रेड हॅट घराण्यातलं लिनक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिथे एसई-लिनक्स नावाचा पहारेकरी असतो, आणि फोल्डरला सांबाचं लेबल लावल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नाही. वैतागून पहारेकरीच बंद करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो ऐकू नये, लेबल लावावं.

टेबलावरचे संगणक

विंडोजवर आधी नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' आहे ना ते पाहावं. 'पब्लिक' असेल तर तो संगणक स्वतःचे फोल्डर कुणाला देत नाही आणि शेजारच्यांना दिसतही नाही. मग फाइल एक्सप्लोररमध्ये 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडून एखादं अक्षर, सर्व्हरचा पत्ता आणि फोल्डरचं नाव द्यायचं आणि पुढच्या वेळी आपोआप जोडण्याची खूण करायची. सर्व टेबलांवर एकाच फोल्डरला एकच अक्षर द्यावं. एकाकडे 'पी' आणि दुसऱ्याकडे 'झेड' असेल, तर पानांच्या मांडणीत जोडलेली चित्रं दुसऱ्या टेबलावर सापडत नाहीत.

विंडोज संगणकावरचा फोल्डर दुसऱ्याला द्यायचा असेल तर पासवर्डाचे दोन घोळ हमखास होतात. पहिला, खात्याला पासवर्डच नसतो. कोऱ्या पासवर्डाचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि मग त्यावर उपाय म्हणून पासवर्डची अटच काढून टाकली जाते. दुसरा घोळ पिनचा. माणूस रोज चार आकडी पिन टाकून संगणक उघडतो आणि नेटवर्कवरही तोच टाकतो. पिन फक्त त्या यंत्रापुरती असते. नेटवर्कला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो पुष्कळांना आठवतही नसतो.

एकाच सर्व्हरला एकाच संगणकावरून दोन निरनिराळ्या नावांनी जोडू गेलं की विंडोज नकार देते आणि १२१९ क्रमांकाची चूक दाखवते. मालकाने हिशेबाच्या टेबलावर बसून 'माझ्या नावाने करारपत्रं उघड' म्हटलं की हे होतं. आधीची जोडणी तोडून, 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये साठवलेलं जुनं नाव काढून मगच दुसऱ्या नावाने जोडावं.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक कार्यालयांनी विंडोज ११ घेतली. त्यानंतर 'कालपर्यंत चालणारा फोल्डर आज उघडत नाही' ही तक्रार वाढली, तर नवल नाही. विंडोज ११ प्रोच्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून, नावाशिवाय 'पाहुणा' म्हणून आत जाण्याची वाट बंद आहे, आणि एसएमबीच्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असण्याची सक्ती आहे. 'एव्हरीवन'वर चालणारे जुने फोल्डर आणि जुन्या पेट्या इथेच अडखळतात. रजिस्ट्रीत फेरफार करून ही सक्ती उठवण्याच्या युक्त्या उपलब्ध आहेत. पण तेवढ्याच वेळात सर्व्हरवर सहा खाती उघडून होतात.

झेरॉक्स-स्कॅनरचं जुनं यंत्र हा वेगळा पेच. स्कॅन थेट फोल्डरात टाकणारी जुनी यंत्रं अनेकदा फक्त एसएमबीची पहिली आवृत्तीच जाणतात. त्यांचं फर्मवेअर नवं मिळतं का ते पाहावं. मिळत नसेल तर स्कॅन ई-मेलने घ्यावा किंवा पेन ड्राइव्हवर. एका स्कॅनरसाठी सर्व्हरवर पहिली आवृत्ती उघडू नये. का, ते पुढे येतंच.

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि 'के' दाबून सर्व्हरचा पत्ता द्यायचा, एवढंच. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून एसएमबीलाच पहिली पसंती दिली आहे, त्यामुळे चित्रकारासाठी निराळं काही बसवावं लागत नाही.

मराठी नावांच्या फाइली

फाइलींना मराठीत नावं द्यावीत की नाही? जरूर द्यावीत, पण दोन गोष्टी माहीत असू द्याव्यात.

लिनक्सवरच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतं. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'महाराष्ट्रातील' या शब्दात डोळ्यांना सहा अक्षरं दिसतात, प्रत्यक्षात चिन्हं चौदा आणि बाइट ४२. म्हणजे पूर्ण मराठी नावाला ८५ चिन्हांच्या आतच संपावं लागतं. विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवर ही मर्यादा २५५ चिन्हांची असल्यामुळे तिथे लांबलचक मराठी नाव बिनतक्रार राहतं, आणि तीच फाइल सर्व्हरवर टाकताना नकार मिळतो. परवानगी तपासली जाते, डिस्क तपासली जाते, नावाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'किनाऱ्यावर' यांतला अर्धा ऱ संगणकावर तीन रीतींनी लिहिला जातो. स्वतंत्र ऱ हे चिन्ह आणि हलन्त. साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लिनक्स सर्व्हरच्या दृष्टीने ती तीन वेगळी नावं. एकाने इन्स्क्रिप्टने आणि दुसऱ्याने एखाद्या ध्वन्यात्मक कळफलकाने 'दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं' असा फोल्डर केला, तर शेजारी शेजारी अगदी सारख्या नावाचे दोन फोल्डर दिसू शकतात. अर्धी मुद्रितं एकात, अर्धी दुसऱ्यात. शोधपेटीत नाव टाकलं तरी एकच सापडतो. यावर सोपा उपाय म्हणजे कार्यालयात सर्वांनी एकच कळफलक वापरायचा. तो जमत नसेल, तर फोल्डरांच्या नावांत अंक वापरावेत आणि ऱ टाळावा: 'आवृत्ती ०२' चालेल. मराठी पुस्तकं करणाऱ्या कार्यालयात या एका अक्षरापायी चुकीची मुद्रितं छपाईला जाऊ शकतात, म्हणून हे इतकं सविस्तर.

फाइलींचा विषय निघालाच आहे तर एकच फाइल दोघांनी उघडल्यावर लागणाऱ्या कुलुपाचंही सांगावं. एक्सेलची फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला ती वापरात असल्याचा इशारा मिळतो, कारण शेजारी एक लपलेली छोटी फाइल तयार होते. नोटपॅड असं काही करत नाही. दोघांनी एकच मजकूर उघडला तर ज्याने शेवटी जतन केलं, त्याचंच राहतं, आणि आधीच्याचं काम निमूट जातं.

लिनक्सवरून लिनक्सवर

जुळणीच्या टेबलांपैकी एखादं लिनक्सवर चालत असेल, तर फाइली सामायिक करण्याच्या एनएफएस या पद्धतीचा विचार करावा. ही पद्धत सन मायक्रोसिस्टम्सने १९८४ मध्ये आणली. एनएफएस वेगवान आणि सुटसुटीत आहे, पण तिचा विश्वास ठेवण्याचा स्वभाव ओळखून ती वापरावी. साध्या मांडणीत ती पासवर्ड विचारतच नाही. समोरचा संगणक 'मी १००१ क्रमांकाचा वापरकर्ता' म्हणाला की ती मान्य करते. त्यामुळे सर्व्हरवर आणि टेबलावर त्याच माणसाचा क्रमांक एकच हवा, नाहीतर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसतात. आणि ज्या संगणकावर कुणालाही 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होता येतं, त्याला एनएफएसवरून गोपनीय फोल्डर देऊ नये. 'रूट स्क्वॉश' हा पर्याय आपोआप चालू असतो, तो तसाच राहू द्यावा. त्यामुळे समोरच्या यंत्राचा रूट सर्व्हरवर सामान्य पाहुणा ठरतो.

कोणाला काय द्यायचं हे 'एक्सपोर्ट्स' नावाच्या फायलीत लिहायचं असतं. तिथली एक चूक जवळून पाहण्यासारखी आहे. ओळीत आधी फोल्डर, मग संगणकाचा पत्ता आणि त्याला चिकटून कंसात परवानग्या येतात. पत्ता आणि कंस यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा सुटली, तर अर्थच बदलतो. त्या एका संगणकाला फक्त वाचायची मुभा मिळते आणि कंसातली लिहिण्याची मुभा जाळ्यातल्या सगळ्यांना लागू होते. दिसायला ओळ जवळपास तीच. ती लिहून झाल्यावर सर्व्हरला 'काय, कुणाला दिलंय' हे विचारणारी आज्ञा चालवून उत्तर शब्दशः वाचावं.

कंसात 'सिंक' लिहावं. 'एसिंक' लिहिलं की वेग वाढलेला वाटतो, कारण डेटा डिस्कवर उतरण्याआधीच सर्व्हर 'झालं' म्हणून सांगतो. जिथे भर दुपारी वीज जाते, तिथे हा वेग परवडत नाही. सर्व्हर, स्विच आणि राउटर तिघांनाही यूपीएस हवा. आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद व्हावा, अशी जोडणी यूपीएसच्या यूएसबी तारेने करता येते.

दार किती उघडं

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका घातक दोषावर दुरुस्ती दिली. अनेकांनी ती बसवली नाही. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा विषाणू याच दोषातून जगभर पसरला. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं ठप्प केलं आणि त्याचा फटका न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचला. मर्स्कच्याच समूहातर्फे चालणाऱ्या तिथल्या टर्मिनलचं कामकाज विस्कळीत झालं. नॉटपेट्याची करामत अशी की एका यंत्रावर त्याला व्यवस्थापकाचा पासवर्ड सापडला की तो वापरून, दुरुस्ती बसवलेल्या यंत्रांतही तो शिरत असे. म्हणून रोजच्या कामाचं खातं व्यवस्थापकाचं नसावं, आणि सर्व यंत्रांवर व्यवस्थापकाचा पासवर्ड एकच नसावा.

सांबाने २०१९ च्या ४.११ पासून पहिली आवृत्ती आपोआप बंद ठेवली आहे. ती तशीच राहू द्यावी. एसएमबीचं ४४५ क्रमांकाचं दार (पोर्ट) राउटरवरून इंटरनेटला कधीही उघडू नये. घरून किंवा परगावाहून फाइली हव्या असतील तर व्हीपीएन वापरावा. वायरगार्ड हा २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि मांडायला सोपा आहे. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं वायफाय द्यावं, म्हणजे ते सर्व्हरपर्यंत पोहोचणारच नाहीत.

फोल्डर सामायिक झाला म्हणजे फाइली सुरक्षित झाल्या, हा समज सर्वांत महागात पडतो. खंडणी मागणारा विषाणू एका टेबलावर शिरला, तर त्या टेबलाला लिहिता येणारे सगळे ड्राइव्ह तो कुलूपबंद करतो. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड मांडणी इथे काही कामाची नाही. बिघडलेली फाइल दोन्हीकडे बिघडते. बॅकअपची डिस्क कुठल्याच टेबलावर ड्राइव्ह म्हणून दिसता कामा नये. दुसऱ्या एखाद्या यंत्राने रात्री सर्व्हरवरून बदललेल्या फाइली स्वतः ओढून घ्याव्यात, आणि मागच्या काही दिवसांच्या प्रती वेगवेगळ्या ठेवाव्यात. या कामासाठी 'आरसिंक' हे साधन उत्तम, आणि तेही १९९६ मध्ये ट्रिजेल यांनीच पॉल मॅकेरास यांच्यासोबत लिहिलेलं. आठवड्यातून एक प्रत कार्यालयाबाहेर जावी. महिन्यातून एकदा एखादी फाइल त्या प्रतीतून परत आणून, उघडून पाहावी. न उघडणारा बॅकअप जपून ठेवणारी कार्यालयं कमी नाहीत.

अडलं तर

फोल्डर उघडेना झाला की लोक आधी परवानग्यांत हात घालतात आणि चालणारंही बिघडवतात. खालून वर जावं. सर्व्हरच्या आयपी पत्त्याला पिंग जातो का? जात नसेल तर दोष तारेत, स्विचमध्ये किंवा पत्त्यात शोधावा. पिंग जातो पण फोल्डर उघडत नाही, तर ४४५ चं दार फायरवॉलने अडवलंय का हे पॉवरशेलमधल्या एका आज्ञेने कळतं. आयपी पत्त्याने उघडतं पण नावाने नाही, तर नाव ओळखण्याची व्यवस्था बिघडली आहे. ड्राइव्ह पत्त्याने जोडला की काम चालू होतं. एक्सप्लोररच्या 'नेटवर्क'मध्ये सर्व्हर दिसत नाही म्हणून घाबरू नये. लिनक्स सर्व्हर तिथे दिसायला एक वेगळी छोटी सेवा लागते, आणि ती नसली तरी पत्ता टाकून सगळं चालतं.

दार उघडं आहे पण पासवर्ड मागत राहतो, तर सांबाच्या यादीत खातं आहे का आणि विंडोजने जुना पासवर्ड साठवून ठेवलाय का, ते पाहावं. फाइल उघडते पण जतन होत नाही, ही सर्वांत वरची पायरी. इथे दोन परवानग्या एकाच वेळी लागू असतात: एक शेअरची, दुसरी डिस्कवरच्या फोल्डरची. विंडोज सर्व्हरवरही असंच असतं, आणि दोन्हींत जी कडक असेल ती चालते. सांबाच्या परिच्छेदात लिहिण्याची मुभा आहे का ते आधी वाचावं, मग डिस्कवर त्या फाइलीपुढे कुठल्या गटाचं नाव आहे ते. 'जुळणी'च्या जागी एखाद्या माणसाचंच नाव दिसलं, तर २७७० मधला तो पहिला २ राहून गेलेला असतो.